डाऊनीला दाद न देणारी वेल हवी, पण एका जनुकाच्या भरवशावर नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात गेल्या आठवड्यात द्राक्षावरच्या डाऊनी या रोगाबद्दल बातमी होती. रोगाला दाद न देणारे वाण परदेशात तयार झाले आहेत, ते इकडे आले की फवारण्या संपतील आणि औषधांचा खर्च वाचेल, असा तिचा मथितार्थ. शेवटी एक चिमटाही होता, की मग औषध दुकानदारांचं कसं व्हायचं? मी तो दुकानदार. पिंपळगाव बसवंतला तीसेक वर्षं कृषी सेवा केंद्र चालवलं. आता गल्ल्यावर मुलगा बसतो आणि मी घरची सोनाका जातीच्या द्राक्षाची बाग बघतो. दुकानाची काळजी नसावी. डाऊनी गेली तरी भुरी हा दुसरा बुरशीरोग आहे, करपा आहे, थ्रिप्स आहे, मिलीबग आहे. पत्र लिहायचं कारण वेगळं. अंक आला त्याच दिवशी दुपारपर्यंत दोघा-तिघांनी मला विचारलं, "भाऊ, ती काडी कुठं मिळंल?" त्यातल्या एकाने जुनी बाग तोडून डॉगरिजचे खुंट (ज्यांच्या मुळांवर हव्या त्या जातीचं कलम करतात) आधीच लावून ठेवलेत, कलम भरायला काडी शोधतोय. अशा माणसाला कुणीही कसलीही काडी 'डाऊनी-फ्री' म्हणून विकू शकतो आणि चार वर्षं त्याला काही कळणार नाही.

बातमी खोटी होती असं मी म्हणत नाही. पण वेल रोगाला दाद देत नाही म्हणजे तिच्या पानात नेमकं काय घडतं आणि ते किती वर्षं टिकतं, हे बातमीत कुठेच नव्हतं. बाग पंधरा-वीस वर्षांसाठी लावतात. टिकण्याचा हिशोब नसेल तर बाकीचं वाचून शेतकऱ्याने करायचं काय?

आधी औषधांचं सांगतो, कारण ते मी जवळून पाहिलंय आणि वाणाची कथा त्याहून फार वेगळी नाही. मी दुकान टाकलं तेव्हा मेटॅलॅक्झिल-मॅंकोझेबचा पुडा म्हणजे हुकमी माल होता. डाऊनीचे तेलकट डाग दिसले की पुडा न्यायचा, दुसऱ्या दिवशी निवांत. पुढे तो निवांतपणा कमी होत गेला. मग स्ट्रॉबिल्युरिन गटातलं अझॉक्सीस्ट्रॉबिन आलं. महाग, पण पहिली काही वर्षं असं चाललं की लोक उधारी आधी फेडून दुसरी बाटली न्यायचे. आणि एका पावसाळी हंगामात तेच लोक काउंटरवर बाटली आपटायला लागले: "डुप्लिकेट माल दिला." माल अस्सल होता. बिल, बॅच नंबर, सगळं दाखवून उपयोग नव्हता, कारण पानाच्या मागे पांढरी बुरशी तशीच होती.

बदललेली गोष्ट बाटलीत नव्हती, रोगाच्या जंतूत होती. या जंतूच्या पेशीत श्वसनाच्या कामाचं सायटोक्रोम-बी नावाचं प्रथिन असतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. तिच्यात १४३ व्या जागी ग्लायसीन असतं. स्ट्रॉबिल्युरिन त्याच खाचेत बसून जंतूचा श्वास कोंडतं. त्या एका जागी ग्लायसीनच्या ऐवजी अ‍ॅलानिन आलं की औषध बसतच नाही. शास्त्रज्ञ या बदलाला जी१४३ए म्हणतात. जनुकातलं एक अक्षर बदललं की काम झालं. युरोपात ही औषधं १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली आणि दशक सरता सरता तिथल्या डाऊनीत हा बदल सापडायला लागला. आपल्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या बागांतून नमुने घेतले, त्यातही तोच सापडला. पुढे डायमेथोमॉर्फ, मॅंडीप्रोपॅमिड या गटाच्या बाबतीत तसंच: जंतूच्या सेल्युलोज बनवणाऱ्या प्रथिनात ११०५ व्या जागी बदल, आणि औषध निष्प्रभ. याउलट मॅंकोझेब आणि बोर्डो अजून चालतात. ही औषधं जंतूच्या पेशीत एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतात, त्यामुळे एक अक्षर बदलून जंतूची सुटका होत नाही. १८८५ साली बोर्दोच्या मिलार्देने मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण जाहीर केलं. आजही आपण तेच कालवतो. एका जागी मारणारं औषध लवकर हरतं, अनेक जागी मारणारं टिकतं. वाणाकडे बघतानाही एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता वेलीकडे. डाऊनीला आपण बुरशी म्हणतो, पण कुळाने ती खरी बुरशी नाही. समुद्री शेवाळांच्या जवळचा तो ऊमायसीट नावाचा गट. म्हणून तर तिला पाणी लागतं. पानावर ओल राहिली की तिचे शेपटीवाले बीजाणू त्या पाण्यात अक्षरशः पोहत पानाच्या मागच्या बाजूच्या पर्णरंध्रापर्यंत जातात आणि तिथून आत मुळी घालतात. आत शिरल्यावर ती पेशी मारत नाही. जिवंत पेशीच्या भिंतीतून सोंड घालून तिच्यावर जगते, आणि पेशीने आरडाओरड करू नये म्हणून तिच्यात स्वतःची काही प्रथिनं सोडते. शास्त्रज्ञ त्यांना इफेक्टर म्हणतात. ही प्रथिनं पेशीची संरक्षणाची यंत्रणा बंद पाडतात.

वेल इथे दोन टप्प्यांवर लढते. पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर काही प्रथिनं असतात. ती कुठल्याही जंतूच्या भिंतीचे ठरावीक तुकडे ओळखतात आणि साधारण सावध करतात. डाऊनी हा टप्पा आपल्या इफेक्टरनी सहज पार करते. दुसरा टप्पा पेशीच्या आत. तिथे एनएलआर या कुळातली प्रथिनं असतात. प्रत्येकाचं काम एखाद-दुसऱ्या विशिष्ट इफेक्टरची चाहूल घेणं. गावचा जागल्या एखादा सराईत चोर तोंडावरून ओळखतो, तसं. ओळख पटली की गोष्टी झपाट्याने होतात: पेशीत प्राणवायूची विषारी रूपं तयार होतात, भिंतीला कॅलोजचा लेप बसतो, रेझव्हेराट्रॉल आणि व्हिनिफेरिन अशी बुरशीविरोधी रसायनं बनतात, आणि ती पेशी स्वतःच मरून जाते. जिवंत पेशीवरच जगणारा जंतू मेलेल्या पेशीत उपाशी मरतो. पानावर टाचणीच्या टोकाएवढे करपट ठिपके तेवढे राहतात. पावसाळ्यात नव्या वाणाच्या पानावर असे ठिपके दिसले की आपला माणूस घाबरून फवारा घेणार, हे मला आत्ताच दिसतंय. खरं तर ते वेल लढत असल्याचं लक्षण.

मग आपल्या थॉमसन या बिनबियांच्या जातीला, सोनाकाला काय झालंय? हत्यारं तिच्याकडेही आहेत. २००७ मध्ये फ्रेंच आणि इटालियन शास्त्रज्ञांनी द्राक्षाचा जनुकसंच वाचला. फळपिकांमधला तो पहिलाच. त्यात रेझव्हेराट्रॉल बनवणारी जनुकंच चाळीसहून अधिक निघाली. एनएलआर कुळातली जनुकंही शेकड्यांनी आहेत. कमी आहे ती नेमकी डाऊनीची ओळख. व्हिनिफेरा, म्हणजे आपण खातो ते सगळं द्राक्ष, हे युरोप-आशियातलं. डाऊनी अमेरिकेतली. फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीला तोंड देणारे खुंट म्हणून फ्रान्सने अमेरिकन वेली आणल्या, त्यांच्याबरोबर ती १८७८ च्या सुमारास युरोपात उतरली. त्याआधी हजारो वर्षं या दोघांची गाठच पडली नव्हती, तर ओळखणारं जनुक टिकून राहणार कशाला? अमेरिकेतल्या रानवेली मात्र तिच्याबरोबरच वाढल्या, आणि ओळखीची जनुकं त्यांच्याकडे आहेत.

त्यातून आपल्याकडची परिस्थिती आणखी अवघड. सोनाका, तास-ए-गणेश, माणिक चमन ही सगळी थॉमसनच्याच वेलीवर निघालेल्या वेगळ्या फांद्यांची निवड. मणी लांब झाला, रंग बदलला, पण रोगाच्या दृष्टीने निफाड, दिंडोरी, तासगाव, नान्नज इथल्या हजारो एकरांवर जवळजवळ एकच झाड उभं आहे. आपण काडीने लागवड करतो, त्यामुळे आपल्या वेलीत नवं मिश्रण होत नाही. डाऊनी मात्र पडलेल्या पानांत नर-मादी बीजाणूंचं मीलन करून अख्खी नवी पिढी बनवू शकते. एक बाजू जागच्या जागी, दुसरी सतत पत्ते पिसतेय. (आणि एक खुलासा, कारण हा प्रश्न मला दुकानात नेहमी यायचा: खुंट कितीही काटक असला तरी ही ओळखीची प्रथिनं ज्या त्या पेशीत काम करतात. खुंटाचं जनुक वरच्या सोनाकाच्या पानाला वाचवत नाही.)

परदेशात यावर जे काम झालं त्याचा वेळ बघा. अमेरिकेच्या आग्नेय भागात मस्कॅडाइन नावाची रानवेल आहे. तिला भुरी आणि डाऊनी दोन्ही फारसं काही करत नाहीत. पण तिची गुणसूत्रं ४०, आपल्या द्राक्षाची ३८. संकर झाला तरी बहुतेक वेळा वांझ. नॉर्थ कॅरोलिनात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात काही संकर जमले. १९७० च्या दशकात माँपेलियेच्या अलँ बुके या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या वंशातल्या वेली घेऊन त्यांचा चांगल्या द्राक्षाशी पुन्हा पुन्हा संकर सुरू केला, म्हणजे रानटीपणा पिढीगणिक निम्मा होत जाईल आणि प्रतिकार तेवढा उरेल. उरलेला तुकडा बाराव्या गुणसूत्रावर आहे. ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये त्यातली दोन शेजारची जनुकं वेगळी काढून दाखवली: एकाने भुरी अडते, त्याला रन-१ म्हणतात, दुसऱ्याने डाऊनी अडते, ते आरपीव्ही-१. दोन्ही एनएलआर कुळातली. या साहित्यावरून फ्रान्सच्या सरकारी संस्थेने २०१८ मध्ये आर्ताबान, व्हिदोक, फ्लोरिआल, व्होल्तिस ही चार वाणं लागवडीला खुली केली. पहिल्या संकरापासून मोजलं तर जवळपास शंभर वर्षं. बातमीत ज्यांचा उल्लेख होता ती ही वाणं असावीत. ती चारही वाईनची आहेत. बिया असलेली. आपल्या बाजारात पेटीत भरून पाठवायला त्यांचा उपयोग नाही.

आता मुख्य मुद्दा. बियांका नावाचं हंगेरीतलं एक वाण आहे, तेही वाईनचं. त्यात आरपीव्ही-३ हे अमेरिकन रानवेलीकडून आलेलं जनुक आहे. २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी डाऊनीचा असा प्रकार नोंदवला जो बियांकाच्या पानावर आरामात वाढत होता. जंतूने ओळख पटण्याजोगं ते एक प्रथिन बदललं किंवा टाकून दिलं असेल, तर त्या जनुकाला दिसणार काय? सफरचंदातही हेच घडून गेलंय. जपानी शोभेच्या सफरचंदातलं व्हीएफ हे जनुक अमेरिकेत अनेक दशकांच्या संकरातून खायच्या सफरचंदात आणलं, १९७० मध्ये 'प्रायमा' हे वाण बाहेर पडलं, आणि स्कॅब रोग संपला असं लोकांना वाटलं. जर्मनीत अशाच झाडांवर स्कॅब दिसला आणि १९९३ मध्ये त्या नव्या प्रकाराची रीतसर नोंद झाली. मस्कॅडाइनच्या रन-१ ला चकवणारी भुरीसुद्धा अमेरिकेत सापडली आहे, तीही मस्कॅडाइनच्याच मायदेशात. म्हणजे जी१४३ए ची गोष्टच, बाजू बदलून. तिथे जंतूने औषधाची खाच बदलली, इथे स्वतःची ओळख.

म्हणून फ्रेंचांनी पुढच्या संकरात बुकेच्या वेलींचा जर्मनीच्या प्रतिकारक वाणांशी मेळ घातला, म्हणजे दोन वेगळ्या उगमांची जनुकं एकाच वेलीत येतील. एकाच वेळी दोघांना चकवणं जंतूला फार अवघड. आणि एवढं करूनही ते शेतकऱ्याला सांगतात की हंगामात एक-दोन फवारण्या ठेवा, जनुकावर सगळा भार टाकू नका. शिवाय ही वाणं लावलेल्या बागांवर देखरेख ठेवायला त्यांनी २०१७ मध्ये 'ऑस्कार' नावाचं एक निरीक्षण जाळं उभं केलं. कुठे जनुक हरायला लागलं, कुठला दुर्लक्षित रोग डोकं वर काढतोय, हे शेतावरूनच कळावं यासाठी. फवारणी थांबवली की आधी दबलेले रोग उठतात; डाऊनीच्या औषधाने करपाही दबत असतो हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

आपल्याकडे काय आहे? अगदीच काही नाही असं नाही. बंगळूर ब्ल्यू सगळ्यांना माहीत आहे. त्याच्यात लाब्रुस्का या अमेरिकन द्राक्षाचं रक्त आहे, आणि आपण जेवढी औषधं मारतो तेवढी त्याला लागत नाहीत. पण साल जाड, बिया, आणि तो विशिष्ट वास. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं एआरआय-५१६ हे वाण कॅटॉबा या लाब्रुस्का जातीचा आणि ब्युटी सीडलेसचा संकर आहे. मण्याला बुरशीजन्य रोग कमी, रसाला, जॅमला, वाईनला चांगलं. हे काम इथलं आहे, आपल्या हवेत झालेलं आहे, आणि आपल्या बातमीत त्याचं नावही नव्हतं याचं मला वाईट वाटलं. मात्र दुबई किंवा रॉटरडॅमला जाणारी पेटी त्याने भरत नाही. लाब्रुस्काचा प्रतिकार घ्यायला गेलं की वास आणि जाड साल पाठोपाठ येतात, आणि ते झटकायला पुन्हा पिढ्यामागून पिढ्या संकर.

बिनबियांच्या द्राक्षात तर आणखी एक गाठ आहे. सीडलेस मादीच्या मण्यात बी तयार व्हायला लागतं आणि मध्येच खुरटतं. म्हणून पूर्वी संकरात आई बियांचीच घ्यावी लागायची आणि पुढच्या रोपांत बिनबियांची थोडीच निघायची. १९८० च्या दशकापासून तो खुरटणारा गर्भ वेळेत काढून काचेच्या नळीत वाढवता येतो. आता त्याला जोड मिळाली आहे ती डीएनए तपासणीची. दोन पानांचं रोप असतानाच एक पान घेऊन त्यात आरपीव्ही-१ आहे का, आरपीव्ही-३ आहे का, बिनबियांचं जनुक आहे का, बघता येतं. नाही ती रोपं उपटून टाकायची. तीन-चार वर्षं फळाची वाट बघत जागा अडवायची नाही. राहुरीला वनस्पती रोगशास्त्र शिकलेली माझी भाची म्हणते की हे तंत्र आता काही नवलाचं राहिलेलं नाही. कमी पडतात ती माणसं, प्लॉट आणि पंधरा वर्षं न तुटणारा पैसा.

आणि एक गंमत सांगतो. उझबेकिस्तानात 'किशमिश वात्काना' नावाचं एक जुनं द्राक्ष आहे. शुद्ध व्हिनिफेरा, बिनबियांचं, आपल्या थॉमसनसारखंच खायचं आणि बेदाण्याचं. २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्याच्या तेराव्या गुणसूत्रावर भुरीला रोखणारा भाग आहे, त्याला रेन-१ म्हणतात. म्हणजे भुरीपुरतं तरी रानवेलीच्या दारात जायची गरज नाही. खाण्यालायक द्राक्षातच ठेवा पडून आहे. तासगावच्या बेदाणेवाल्यांनी तरी हे नाव लक्षात ठेवावं. रेन-१ ने भुरीची वाढ पूर्ण थांबत नाही, मंदावते, आणि डाऊनीला त्याचा काही उपयोग नाही. पण रन-१ च्या जोडीला ते असेल तर भुरीपुढे दोन ओळखी उभ्या राहतात.

जनुक-संपादनाबद्दल आपल्या बातमीत दोन ओळी होत्या, त्यात थोडी भर घालतो. इथे नवी ओळख देत नाहीत, उलट वेलीचंच एखादं जनुक बंद करतात, ज्याच्या असण्याचा फायदा रोगाला होत असतो. भुरीला पेशीत शिरायला एमएलओ कुळातली जनुकं लागतात. बार्लीत हे जनुक बंद असलेली वाणं युरोपात १९७९ पासून आहेत आणि तिचा भुरी-प्रतिकार अजून टिकून आहे, कारण इथे जंतूला चकवायला कुणी पहारेकरीच नाही, दारच नाहीसं झालंय. डाऊनीसाठी डीएमआर-६ हे जनुक आहे. ते पेशीतलं सॅलिसिलिक आम्ल खाली ठेवतं, आणि सॅलिसिलिक आम्ल तर संरक्षणाचा इशारा. ते जनुक बंद केलं की इशारा जोरात राहतो. इटलीत व्हेरोनाजवळ २०२४ च्या सप्टेंबरअखेर अशा शार्दोनेच्या वेली शेतात लावल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये रात्री कुणीतरी शिरून त्यांची नासधूस केली. विरोध करायला हरकत नाही, पण निष्कर्ष यायच्या आधी झाडं तोडून काय सिद्ध होतं ते मला समजलं नाही.

आपल्या देशात ३० मार्च २०२२ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने परकं जनुक शेवटी न उरणाऱ्या संपादनाला जीएम पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली, आणि मे २०२५ मध्ये 'कमला' आणि 'पुसा डीएसटी राईस १' ही भाताची दोन वाणं जाहीर झाली. भातात झालं म्हणजे द्राक्षात उद्या होईल, असं मात्र कुणी समजू नये. संपादनासाठी आत घातलेली कात्री भातात पुढच्या पिढीत वेगळी काढून टाकता येते. द्राक्षात पुढची पिढी म्हणजे बी, आणि बी पेरलं की सोनाका सोनाका राहत नाही. त्यामुळे एका पेशीत कात्री प्रथिनाच्या रूपातच सोडून, ती विरून गेल्यावर त्याच एका पेशीतून अख्खी वेल उभी करावी लागते. हे जमतं, इटलीवाल्यांनी तसंच केलं, पण ते प्रत्येक वाणासाठी नव्याने जमवावं लागतं.

पावसाचं आता काही खरं राहिलेलं नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात छाटणी झालेल्या बागांवर पाऊस हटला नाही. पोंग्यापासून (कोवळा फुटवा) दोड्यापर्यंत (कोवळा घड) घड डोळ्यांदेखत जिरले. २०२५ ला तर मे महिन्यातच पाऊस सुरू झाला. बागलाणातले अर्लीवाले, म्हणजे लवकर माल काढणारे, भर पावसाळ्यात छाटणी घेतात, त्यांना दर दोन दिवसांनी ट्रॅक्टर बागेत घालावा लागतो, चिखलात चाकं रुतून बसतात, आणि शेवटी रेसिड्यूच्या, म्हणजे मण्यात औषधाचा अंश उरण्याच्या, भीतीने शेवटच्या महिन्यात हात बांधलेले. प्लास्टिकचं आच्छादन हा एक मार्ग आहे, पान ओलंच झालं नाही तर बीजाणू पोहणार कुठे. पण एकराचा त्याचा खर्च बघून छोटा बागाईतदार गप्प बसतो. प्रतिकारक वाणाची सर्वात जास्त गरज या माणसाला आहे. म्हणूनच त्याला अर्ध्या माहितीवर काडी विकली जाऊ नये.

आपल्याकडून माझी अपेक्षा एवढीच. नव्या वाणाची बातमी आली की बातमीदाराने सांगणाऱ्याला विचारावं: डाऊनीला की भुरीला? प्रतिकार कुठल्या जनुकावर, आणि एकच की दोन-तीन? इथल्या डाऊनीच्या नमुन्यांवर तपासलंय की फक्त फ्रान्सच्या? घडावर तपासलंय की नुसत्या पानावर? पान वाचलं आणि दोडा अवस्थेत घड गेला तर शेतकऱ्याच्या हाती काय? उत्तर नाही मिळालं तर तेही छापावं. रोपवाटिकेच्या जाहिरातीला आपल्या पानावर जागा देतानाही हेच विचारता येईल.

बागाईतदारांच्या संघटनांनाही यानिमित्ताने सांगणं आहे. औषधं, संजीवकं, पॅकिंग यांवर चर्चासत्रं खूप होतात, मीही त्यांना मंडप भरायला मदत केलीय. संकर पैदाशीसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला काढायचा ठराव माझ्या तरी ऐकण्यात नाही. परदेशी पेटंटच्या वाणाला रोपामागे रॉयल्टी द्यायला आपण तयार असतो, तर त्यातली थोडी इथल्या दोन-तीन जनुकं एकत्र आणणाऱ्या बिनबियांच्या वाणासाठी द्यायला हरकत नसावी. आणि पहिली काडी शेतकऱ्याच्या हातात जाण्याआधी फ्रान्ससारखं देखरेखीचं जाळं उभं राहायला हवं. त्याला इमारत लागत नाही. तालुक्यातल्या निवडक बागांतून पावसाळ्यात आणि छाटणीनंतर डाग पडलेली पानं गोळा करायची, मांजरीला पाठवायची, जंतू कुठे वळतोय ते बघायचं. पानं गोळा करायला आमच्यासारखी दुकानं आहेतच. शेतकरी डाग पडलं पान पिशवीत घालून आधी आमच्याकडेच येतो.

आपला,
एक कृषी सेवा केंद्र चालक व द्राक्ष बागाईतदार,
पिंपळगाव बसवंत, ता. निफाड, जि. नाशिक